सव्वा महिन्याच्या आत

वऱ्हाडात पहिले बाळंतपण माहेरी. दिवस भरत आले की लेक आईकडे येते, कळा सुरू झाल्या की अमरावतीच्या डफरीनमध्ये नाहीतर अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये भरती होते आणि दोन-तीन दिवसांत बाळ कुशीत घेऊन आईच्या घरी परतते. मग सव्वा महिना. दाराला पडदा, खोलीत अंधार, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, बाळाच्या डोळ्यांत काजळ. लेकराला उंबऱ्याबाहेर काढायचे नाही, परक्याच्या नजरेस पाडायचे नाही. या रीतीत शहाणपण पुष्कळ आहे. ओली बाळंतीण विसावते, लेकरू गर्दीपासून आणि सर्दी-खोकल्यापासून लांब राहते. पण एका बाबतीत हाच सव्वा महिना फार महाग पडू शकतो. बाळ दोन्ही डोळ्यांत दाट मोतिबिंदू घेऊन जन्माला आले असेल, तर शस्त्रक्रियेची सर्वांत चांगली वेळ सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास असते. मोतिबिंदू एकाच डोळ्यात असेल तर त्याहूनही आधी, चार ते सहा आठवड्यांत. बाळ पहिल्यांदा ओसरीवर, उजेडात येते आणि एखाद्या आत्याला त्याच्या बाहुलीत पांढरे काहीतरी दिसते, तेव्हा या मुदतीतले बहुतेक दिवस संपलेले असतात.

नवजात बाळाच्या डोळ्यांतले जन्मजात दोष कसे ओळखावेत, त्यांतला कोणता आज दाखवायचा आणि कोणता महिनाभर थांबला तरी चालतो, उपचार काय आणि उपचारानंतर घरी काय करायचे, एवढे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे. ती आशाताईंसाठी आहे, प्रसूती कक्षातल्या सिस्टरांसाठी आहे, तालुक्याच्या डॉक्टरांसाठी आहे आणि न्हाऊ-माखू घालताना लेकराचा चेहरा सर्वांत जवळून पाहणाऱ्या आजीसाठीही आहे. पुस्तिकेच्या पानापानांत आठवड्यांचा हिशेब येतो. तो तसा का येतो, हे या प्रस्तावनेत समजून घेऊ.

मोतिबिंदू म्हटला की डोळ्यांसमोर येतात ते आजोबा: हिरवी पट्टी, शिबिराची गाडी, काळा चष्मा. आजोबांचा मोतिबिंदू चार वर्षे रेंगाळला तरी तो काढल्यावर बहुधा नजर परत मिळते, कारण त्यांच्या मेंदूने पाहणे कधीच शिकून घेतलेले असते. बाळाचे तसे नाही. जन्मल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचेच जरा बरे दिसते. अंगावर पिताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. त्या धूसर चेहऱ्यावरच मेंदूतले दृष्टीचे केंद्र घडू लागते. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी काही आठवडे शिवून ठेवली. टाके काढल्यावर डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याची दखलच घेत नव्हत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तेव्हा तसे काही घडले नाही. या कामाला १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बालनेत्रतज्ज्ञ सहा आणि आठ आठवड्यांचा हिशेब करतात त्याच्या मुळाशी हेच ज्ञान आहे. वाफसा निघून गेलेल्या रानात कितीही चांगले बियाणे टाकले तरी उगवण धड होत नाही, तसे वर्षाच्या बाळाचा मोतिबिंदू कितीही सफाईने काढला तरी नजर अधूच राहते. तीन महिन्यांच्या सुमारास तर दोन्ही डोळे सारखे थरथरू लागतात. ती थरथर दिसली म्हणजे मेंदूने चांगल्या नजरेची वाट पाहणे सोडायला सुरुवात केली, असे डॉक्टर समजतात.

अंधत्वाशी या प्रदेशाची ओळख जुनी आहे आणि ती आदराचीही आहे. चांदूर बाजारजवळच्या माधानचे संत गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले आणि वर्षाचे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेतले, स्वतः सांगून शंभराहून अधिक ग्रंथ लिहवून घेतले, आणि वऱ्हाडाने त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. त्याच १८८१ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल क्रेडे या प्रसूतितज्ज्ञाने एक साधी पद्धत जगापुढे मांडली. जन्मताच बाळाचे डोळे पुसायचे आणि सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकायचा. प्रसूतिमार्गातल्या जंतूंमुळे बाळांचे डोळे पिकत आणि कधी फुटत. डोळे पिकण्याचे प्रमाण त्याच्या रुग्णालयात दहा टक्क्यांच्या घरातून जवळजवळ नाहीसे झाले. महाराजांच्या डोळ्यांचा आजार आणि क्रेडेने रोखलेला आजार एकच होता असे म्हणता येत नाही. मात्र बाळाच्या डोळ्यांकडे पहिल्या तासात लक्ष दिले तर एक अख्खा रोग मागे हटतो, हे तेव्हापासून सिद्ध आहे. आज ते द्रावण मागे पडले, प्रतिजैविके आली. तरी पहिल्या पाच दिवसांत दोन्ही पापण्या सुजून घट्ट पू येऊ लागला, तर ती आजही तासांची तातडी आहे. तो जंतू बुब्बुळाला भोक पाडू शकतो. तिथे घरगुती उपाय करत बसायचे नाही.

महाराष्ट्रातल्या अंध शाळांत शिकणारी मुले मुळात कशामुळे अंध झाली, याचा शोध पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांनी घेतला होता. त्यांचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेकाळी ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव आणि गोवर यांमुळे बुब्बुळावर फूल पडून आंधळी झालेली मुले या शाळांत भरपूर असत. या अहवालात तो आकडा सुमारे पाचव्या भागावर आलेला दिसतो आणि सर्वांत मोठा गट, जवळपास चाळीस टक्के, जन्मतःच डोळ्याची घडण बिघडलेल्या मुलांचा आहे. डोळा फार लहान राहिलेला, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्यात खाच राहिलेली, क्वचित डोळाच तयार न झालेला. म्हणजे लसीकरणाने आणि बऱ्या आहाराने एक लढाई बरीच जिंकली गेली, आणि आता पुढ्यात आहे तो जन्माआधीपासूनचा आजार.

डोळ्याची ही घडण बिघडते कधी, हे प्रत्येक सासूबाईने वाचावे असे आहे. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मेंदूच्या दोन बाजूंना डोळ्याचे कोंब फुटतात. त्यांच्या खालच्या बाजूला एक फट असते आणि ती सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत मिटते. ती मिटली नाही की बाहुली गोल न राहता खाली कुलपाच्या भोकासारखी लांबते आणि कधी आतला पडदाही फाटका राहतो. या दिवसांत पुष्कळ बायांना आपण गरोदर आहोत हे ठाऊकही नसते. तरी बाळंतपणानंतर बोट रोखले जाते ते आईवर. ग्रहणात बाहेर निघाली असेल, ग्रहणात काही चिरले असेल, डोहाळे पुरवले नसतील. एकाही जन्मजात नेत्रदोषाचा ग्रहणाशी काडीचा संबंध नाही. पुष्कळदा कारण जनुकांत असते आणि ते बापाकडूनही तितकेच येते. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक जुळवण्याची चाल आपल्याकडच्या अनेक समाजांत आहे. आईबाप दोघांकडून एकच दुबळे जनुक आल्यावर होणारे आजार, जन्मजात काचबिंदूचे काही प्रकार त्यांतच मोडतात, अशा नात्यांत जास्त दिसतात. हे सांगण्यात कुणाला दुखावण्याचा हेतू नाही. घरात एक मूल असे जन्मले असेल तर पुढच्या खेपेला आधीच नेत्रतज्ज्ञाला सांगून ठेवता येते, इतका याचा सरळ उपयोग आहे.

काही कारणे मात्र टाळता येतात. सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे १९४१ साली एकाएकी मोतिबिंदूची तान्ही बाळे येऊ लागली. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आयांच्या बोलण्यातून त्यांच्या कानावर आले की गरोदरपणाच्या सुरुवातीला त्यांच्या अंगावर रुबेलाचे पुरळ आले होते. ग्रेग यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने अशा ७८ बाळांच्या नोंदी जमवल्या. बहुतेकांच्या आयांची हकिगत तीच निघाली. बाईला जेमतेम दोन दिवस कणकण येते, अंगावर बारीक पुरळ येते आणि जाते. पोटातल्या जिवाला मात्र मोतिबिंदू, हृदयदोष आणि बहिरेपण अशी तिहेरी इजा होऊ शकते, आणि पहिल्या बारा आठवड्यांत धोका सर्वांत जास्त. आयांचे बोलणे एका डॉक्टराने मन लावून ऐकले म्हणून ही गोष्ट जगाला कळली, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली. आता ही लस बाळाला नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळते. ज्या मुलीला ती मिळालेली नाही, तिने दिवस जाण्याआधी घ्यावी आणि पुढे महिनाभर तरी गर्भ राहू देऊ नये. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

आता तपासणी. जन्मल्या बाळाचा डोळा तपासायला मोठे यंत्र लागत नाही. खोलीत जरा अंधार करायचा. बाळाला आडवे ठेवून पापण्या ओढण्यापेक्षा त्याला दुपट्यात गुंडाळून उभे धरायचे आणि हलकेच पुढे झुकवायचे. पुष्कळ बाळे आपणहून डोळे उघडतात. मग ऑफ्थॅल्मोस्कोप नावाच्या हातात मावणाऱ्या दिव्यातून, हातभर अंतरावरून, दोन्ही बाहुल्यांकडे पाहायचे. निरोगी डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून प्रकाश लालसर होऊन परततो. आपल्याकडच्या सावळ्या बाळांत ही चमक शेंदरी किंवा पिवळट असू शकते. रंगापेक्षा दोन्ही डोळे सारखे दिसणे महत्त्वाचे. एका बाहुलीत चमक नाही, मध्येच काळा डाग आहे, किंवा लालऐवजी पांढरे दिसते आहे, तर बाळ त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवे. सारे मिळून मिनिटभराचे काम. ते बाळ रुग्णालय सोडण्याआधी व्हावे आणि पुन्हा सहा आठवड्यांच्या लसीच्या वेळी व्हावे. साधी बॅटरी मारून दाट मोतिबिंदू किंवा पांढरे पडलेले बुब्बुळ दिसते, बारीक दोष निसटतात. म्हणून आशाताईंकडे बॅटरी असली तरी प्रसूती कक्षात हे उपकरण आणि ते वापरता येणारा माणूस असणे टळत नाही.

सरकारी कागदावर यातले पुष्कळ काही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातूनच, पालघरहून झाली. या कार्यक्रमाने जन्मजात दोषांची जी नऊ नावे ठरवली, त्यांत दोन डोळ्यांची आहेत: जन्मजात मोतिबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटलाचा आजार. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रत्येक नवजात बाळाच्या नेत्रतपासणीच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला घरी जाऊन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी पाहतात. घरभेटीची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेल्या कामातून देशभर गेली, हे विदर्भाने अभिमानाने सांगावे. पण तारखा पाहा. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे पूर्ण. डोळ्यांसाठी खरी कामाची भेट तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची आहे. आणखी एक अडचण वऱ्हाडातल्या रीतीतून येते. या भेटी माहेरच्या गावच्या आशाताई करतात, बाळाचे पुढचे आयुष्य सासरच्या गावात जाते. माहेरी कुणीतरी ‘डोयात काही तरी दिसते’ म्हटलेले सासरी पोचेपर्यंत हवेत विरते. यावर या पुस्तिकेत सुचवलेला उपाय साधा आहे: जे दिसले ते माता-बाल कार्डावर तारखेसह लिहायचे. कार्ड आईबरोबर प्रवास करते.

जन्मजात काचबिंदूची गोष्ट निराळी आणि जास्त फसवी. यात डोळ्यातले पाणी बाहेर पडण्याची वाट नीट तयार झालेली नसते. आतला दाब वाढतो आणि बाळाचा डोळा मऊ असल्याने फुगत जातो. बाळाचे डोळे मोठे, टपोरे दिसू लागतात. घरात कौतुक होते, दृष्ट लागू नये म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. नवजात बाळाच्या बुब्बुळाची रुंदी साधारण दहा मिलिमीटर असते. पहिल्या वर्षात ती बारापलीकडे गेली की डॉक्टर सावध होतात. घरी मोजपट्टी नको, तीन खुणा पुरेत: उजेडात नेले की बाळ डोळे गच्च मिटून तोंड फिरवते, डोळ्यांतून सारखे पाणी येते, आणि काळ्या भागाची चकाकी जाऊन तो निळसर-धुरकट दिसतो. यावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार, थेंब फक्त तोवर सावरून धरण्यासाठी. वाढलेला दाब डोळ्यामागची नस मारत राहतो आणि मेलेली नस पुन्हा जिवंत होत नाही.

डोळ्यांतून पाणी येण्याचे नेहमीचे कारण मात्र साधे असते. नाकात उघडणारी अश्रुनलिकेची शेवटची पातळ झडप जन्मानंतरही मिटलेली राहते. पाणी गालावर ओघळते, सकाळी पापण्या चिपडाने चिकटतात. बाळ उजेडाला घाबरत नाही आणि बुब्बुळ स्वच्छ असते, यावरून हा प्रकार काचबिंदूपासून ओळखू येतो. नख कापलेल्या, धुतलेल्या बोटाने डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर दाब देत खाली नाकपुडीकडे आणायचे, दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाच-दहादा. अशा दहांतल्या नऊ बाळांची वाट वाढदिवसाच्या आत मोकळी होते. उरलेल्यांना बारीक सळईने ती उघडून देतात. मालिश शिकवावी लागते ती आजीलाच. तिचा हात आधीच बाळाच्या अंगाला सरावलेला असतो.

काजळाविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, नजर तेज होत नाही. काही काजळांत शिसे सापडले आहे, आणि बोटावरचे जंतू तर प्रत्येक काजळाबरोबर जातातच. अंगावरचे दूध, मध, एरंडेल यांपैकी काहीही बाळाच्या डोळ्यांत घालू नये. दृष्टीचा टिळा लावण्यावाचून राहवत नसेल तर तळपायाला किंवा कानामागे लावावा. डोळा मोकळा राहू द्यावा.

अपुऱ्या दिवसांची बाळे हा वेगळा, वाढता गट. पूर्वी अशी बाळे वाचतच नसत. आता जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात शिशू कक्षांत हजार-बाराशे ग्रॅमची लेकरे वाचतात, ही मोठी गोष्ट आहे. पण त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुरत्या वाढलेल्या नसतात. जन्मानंतर त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून सोडवू शकतात. प्राणवायू नेमका मोजून न दिल्याने धोका वाढतो, हे १९५० च्या दशकात अमेरिकेत कळून चुकले, पण तोवर हजारो बाळे आंधळी झाली होती. भारतात चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचा, असा नियम आहे. फारच लहान बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच. हा आजार बाहेरून अजिबात दिसत नाही. बाहुली काळीभोर, डोळे छान. बाहुली पांढरी दिसू लागते तेव्हा पडदा सुटलेला असतो. वेळेवर लेझर किंवा इंजेक्शन मिळाले तर बहुतेक डोळे वाचतात. म्हणून कक्षातून घरी सोडताना वजनाच्या आणि लसीच्या तारखेबरोबर डोळ्यांच्या तपासणीची तारीख तोंडी न सांगता कागदावर लिहून दिली पाहिजे. ती तारीख चुकली तर आठवण करून देणारा फोनही जायला हवा.

पांढऱ्या बाहुलीमागे आणखी एक आजार असू शकतो, आणि तो जिवावरचा आहे. रेटिनोब्लास्टोमा हा पडद्याचा कर्करोग पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. भारतात दरवर्षी सुमारे दीड हजार मुलांत तो सापडतो. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा वारंवार पांढरा दिसतो, मांजराच्या डोळ्यासारखी झाक मारतो, हीच बहुधा त्याची पहिली खूण. कधी फोटोच्या कोनामुळेही असे दिसते, पण ते ठरवायचे काम डॉक्टरांचे. गाठ डोळ्यात असेपर्यंत मूल वाचते, पुष्कळदा डोळाही वाचतो. ती डोळ्याबाहेर पडली की सगळेच कठीण होते.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम झाले, असा समज घराघरांत आहे, आणि या पुस्तिकेतले सर्वांत मोठे प्रकरण त्याविषयी आहे ते योग्यच आहे. सहा आठवड्यांच्या बाळाला भूल देणे हेच मोठ्या जबाबदारीचे काम. त्यासाठी तान्ह्या बाळांचा सराव असलेला भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हाताशी लागतो, म्हणून वऱ्हाडातल्या अशा बाळांना अनेकदा नागपूर किंवा सेवाग्रामची वाट धरावी लागते. मोतिबिंदू काढल्यावर बाळाच्या डोळ्यात भिंग उरत नाही. मोठ्या माणसासारखे कृत्रिम भिंग तान्ह्या डोळ्यात लगेच बसवावे का, यावर अमेरिकेत ११४ बाळांचा अभ्यास झाला. एका डोळ्यात मोतिबिंदू असलेल्या या बाळांपैकी काहींना भिंग बसवले, काहींना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. साडेचार वर्षांच्या वयात दोन्ही गटांची नजर सारखीच निघाली, मात्र भिंग बसवलेल्यांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ जास्त आली. त्यामुळे सहा-सात महिन्यांच्या आतल्या बाळाला बहुधा जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स देतात. जन्मताना डोळ्याची लांबी १७ मिलिमीटरच्या आसपास असते, मोठेपणी ती २३-२४ होते आणि वाढ मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत होते. म्हणून चष्म्याचा नंबर दर काही महिन्यांनी बदलतो.

आता हा चष्मा वऱ्हाडातल्या एखाद्या खेड्यात दोन महिन्यांच्या लेकराच्या नाकावर ठेवून पाहा. शेजारीण विचारते, एवढ्याशा जिवाला चष्मा? आजीला वाटते, नाकावर वण पडेल. बाळ ओढून फेकते. सोंगणीच्या दिवसांत आई रानात असते आणि चष्मा फडताळात. एकच डोळा अधू असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची असते. लेकरू रडते, आईचा जीव तुटतो, पट्टी निघते. पण त्या डोळ्याची नजर तयार होते ती याच तासांत, शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे. चष्मा मागून मऊ पट्ट्याने बांधावा, अंगावर पाजताना आणि खेळवताना आधी घालावा, पट्टीची वेळ बाळ ताजेतवाने असते तेव्हाची धरावी. शिवाय अशा डोळ्यात पुढे कित्येक वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो. म्हणून नजर चांगली झाली तरी डोळ्याचा दाब दरवर्षी तपासायचा, आयुष्यभर. कुटुंबाला हे सारे पहिल्याच भेटीत, शांतपणे, नवऱ्यालाही समोर बसवून सांगायला हवे. सुटी बापालाच काढावी लागणार असते.

मेळघाटात हा हिशेब आणखी अवघड होतो. धारणीहून अमरावती घाटातून दीडशे किलोमीटरच्या घरात. कोरकू कुटुंबे सोंगणीच्या हंगामात मैदानी भागात मजुरीला उतरतात, बाळ पाठीवर. आजारपणात पहिला सल्ला गावच्या वैदूचा, म्हणजे भुमकाचा. याच धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव आणि डॉ. कविता सातव १९९८ पासून ‘महान’ या संस्थेचे रुग्णालय चालवतात. डॉ. कविता नेत्रतज्ज्ञ आहेत, आणि मेळघाटात राहून डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर मिळणे म्हणजे काय, हे तिथल्या माणसांनाच विचारावे. त्यांच्या कामातून एवढे दिसते की अंतर हे कारण खरे असले तरी अखेरचे नाही. भुमकाला बाजूला सारून मेळघाटात काही होत नाही. बाहुलीत पांढरे दिसले की आधी दवाखाना, हे त्याच्या तोंडून निघाले तर कुटुंब त्याच दिवशी निघते.

सगळेच डोळे बरे होत नाहीत, हेही इथे सांगून टाकणे बरे. डोळाच न घडलेला असेल किंवा पडदा मुळात फाटका असेल, तर शस्त्रक्रिया नजर देऊ शकत नाही. अशा वेळी ‘काही करता येणार नाही’ हे वाक्य तोंडातून निघू नये. लहान राहिलेल्या डोळ्याच्या खोबणीत वाढत्या मापाचे साचे बसवले नाहीत तर चेहऱ्याची ती बाजूच खुजी राहते. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जन्मतः नसेल तर काही बाळांना मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो, त्यांच्या पोटाची सोनोग्राफी ठरावीक काळाने करावी लागते. आणि न दिसणाऱ्या लेकराला आवाजाने, स्पर्शाने, हात धरून चालायला-बोलायला पहिल्या वर्षापासून शिकवावे लागते. उशिरा शिकवले तर ते मूल बुद्धीनेही मागे आहे असे लोक समजू लागतात. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले आडनाव दिले. त्यासाठी २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडलेली त्यांची अंध लेक माला पापळकर त्याच वर्षी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. जिला जन्मदात्यांनी टाकले तिला कुणीतरी वेळेवर हातात घेतले, शिकवले.

घरात बाळ येणार असेल, तर रुग्णालयातून निघताना डॉक्टरांना किंवा सिस्टरांना एवढेच विचारा: बाळाच्या दोन्ही डोळ्यांत लाल चमक पाहिली का? पाहिली असेल तर कार्डावर लिहून द्या म्हणा. सव्वा महिन्याच्या खोलीत रोज एकदा खिडकीचा पडदा सरकवून, उजेडात, दोन्ही बाहुल्या नीट पाहा. दीड-दोन महिन्यांचे लेकरू तुमच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, दिव्याकडे वळत नसेल, ‘पायतच नाई वं माय’ असे कुणाच्या तोंडून निघाले असेल, तर बारसे, मुहूर्त, सोयरे कशासाठीही थांबू नका. अमरावतीला डफरीन आणि इर्विन आहे, अकोल्याला लेडी हार्डिंग आणि सर्वोपचार. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाची सरकारी रुग्णालयातली तपासणी, औषधे आणि उपचार मोफत आहेत, आणि त्याला तिथे नेणारी १०२ ची गाडीही.